जवळच्या माणसाची खुर्ची

“फोनवर तूच म्हनायचीस ना, सगळं बरं हाय? मग आता पोराला घेऊन उंबरमाळीला माहेरी जाते म्हंजे काय?”

“दुकानातला फोन तो. चार मानसं कान लावून, बाजूला तुमची आय उभी. काय सांगू मंग?”

हे भांडण माझ्यासमोर चाललंय आणि मी रिकामी! मी खुर्ची बोलतेय, मुरबाड तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यातली दुसरी खुर्ची. पहिली पेशंटची, मी त्याच्या जवळच्या माणसाची.

सुताराने आम्हा दोघींना ऐनाच्या लाकडाच्या एकाच फळीतून काढलं. पहिली माणसं बसून बसून गुळगुळीत झाली. माझ्या नशिबी औषधांची खोकी, ओल्या छत्र्या आणि सासवा. बायको आजारी असली की नवरा दाराला टेकून उभा. विचारावं तिला, उत्तर यानं द्यावं. अरे, डोकं तिचं दुखतंय, तोंड तुझं कशाला चालतंय?

सत्त्याण्णव साली वत्सला सिस्टर आल्या. त्यांनी रीत पाडली. फौजेतला गडी रजेवर आला की नवरा-बायकोनं यायचं, घटकाभर बसून बोलायचं, तिसरं कोणी नको. अंगाचा ताप बघतो तसा संसाराचाही बघू, म्हणाल्या. लोक हसले. “सिस्टर, भांडनं लावता काय गो?” जवान यायचे, पण बसायचे नाहीत. बंदूक पेलणाऱ्याला लाकडाच्या खुर्चीची भीती! चीड येते मला, तोंडावर सांगते.

आज कुंडलिकही तसाच उभा. परवा त्याची रजा संपते. त्याची बायको सरिता डोकं दुखतंय म्हणून आली. आत घुसणाऱ्या सासूला सिस्टरांनी बाहेर बसवलं.

“मी बर्फात उभा ऱ्हातो, ते कोनासाठी?”

“आमच्यासाठीच. पन फोन करता तवा आईचे गुडघे इचारता, भात इचारता, बैलाचा खूर पन इचारता!”

“घरचंच इचारतो ना? अजून काय पायजे तुला?”

बाबांनो, माझं मागणं एवढंच आहे. रजेवर याल तेव्हा एकदा माझ्यावर बसा आणि बायकोचं ऐका. माझे पाय अजून भक्कम आहेत, तुमचा मान मोडणार नाही.

सरिताने त्याला विचारलं, “तुमच्यासंगं पहाऱ्याला जो गडी असतो, त्याला जेवलास का म्हनून इचारता?”

“रोज इचारतो. त्याचं काय?”

पुढचं वाक्य ऐकलं आणि कुंडलिक माझ्यावर बसला. ती म्हणाली होती, “मंग सा वर्सांत मला एकदा तरी इचारायचं व्हतं.”