चौथ्या धड्यातले चाळीस सेकंद

धुळ्याच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात मी आरोग्यसेविकांसाठी धडे तयार करायचे. लसीकरणाची नोंद संगणकावर कशी करायची ते पडद्यावर करून दाखवायचं, करताना बोलत जायचं, आणि ते रेकॉर्डिंग त्यांच्या मोबाइलवर पाठवायचं. आधी सगळं कागदावर लिहून काढायचं. माउसचा बाण कुठे थांबेल, मी काय म्हणेन, कुठे गप्प राहीन. अकरा धडे मी लिहिले, आवाजही माझाच.

आमचे प्रमुख योगेंद्र सर. त्यांना तो आवाज कधीच रुचला नाही. "नाव कोकिळा आणि आवाज मुंगीचा," असं चारचौघांत म्हणायचे.

त्या गुरुवारी चार वाजता तीस सेविका आपापल्या गावांहून ऑनलाइन धडे बघणार होत्या. सकाळी उपासाची पोथी आटोपून केंद्रात आले, चौथा धडा लावला, आणि मधेच थांबवून पुन्हा लावला. माझाच आवाज सांगत होता, "बाळाचं नाव टाका. यादी येईल. पहिल्या नावावर या. नोंद करा."

असं मी बोललेच नव्हते. "पहिल्या नावावर या, पण दाबू नका अजून. आईचं नाव वाचा, जन्मतारीख जुळवा," असं बोलले होते. एकाच नावाची दोन बाळं मुद्दाम दाखवली होती. चाळीस सेकंद होते ते. कापून टाकलेले.

सरांच्या टेबलाशी गेले.

"सर, चौथ्या धड्यातली पायरी गेली."

"गेली नाही, काढली. अडीच मिनिटांच्या वर कुणी बघत नाही."

"भलत्याच बाळावर नोंद होईल."

"बायका काय आंधळ्या आहेत?"

"माझा आवाज सांगतोय त्यांना, पहिल्यावर नोंद करा."

"मग पाप लागलं का आवाजाला? उपासानं पित्त चढलंय तुम्हाला. केळं खा एखादं."

शेजारच्या टेबलावरची हेमांगी तोंडाला रुमाल लावून हसली.

मी जागेवर आले. धडा संपादनाला उघडला की वर पडद्याची पट्टी दिसते, खाली आवाजाची. खालची पट्टी निवडली आणि पुसली. मग परत जाऊन सांगितलं, "चौथ्या धड्यात आता माझा आवाज नाही. पायरी घाला, पाच मिनिटांत बोलून देते."

सर उठून उभेच राहिले. "कुणाला विचारून पुसलं? कंत्राटावर आहात, विसरलात?"

"नाही विसरले."

"सोवळ्यात ठेवा तुमचा आवाज! माझं मी बोलतो."

चार वाजता पडद्यावर तीस चौकटी उघडल्या. तीन धडे झाले. चौथ्याला सर स्वतः बोलू लागले, खणखणीत. "नाव टाका. यादी आली? पहिल्यावर दाबा. झालं! इतकं सोपं."

नरडाण्याकडच्या मंदाबाईंनी माइक सुरू केला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"सर, मन्हा गावमा दोन दिपमाला शेतस. दोन्हीसना बापनं नाव सुकदेव. कोणती दाबू?"

"पहिली."

"पहिली दीड वरीसनी शे. सुई ते धाकलीले देवानी शे. मंग धाकलीनी सुई मोठीना नाववर चढी जाई ना?"

"मन्हाकडे बी शेतस दोन नवल," आणखी कुणीतरी म्हणालं. मग सगळ्याच बोलू लागल्या.

सरांनी स्वतः लिहिलेले कागद चाळले. त्यात ती पायरी नव्हती. माइक बंद करून माझ्याकडे वळले. "तो तुकडा कुठे आहे?"

"माझ्या संगणकात. मूळ रेकॉर्डिंग आहे."

"लावा."

"लावते. पण धड्यात तो कायम राहील, हे आधी यांना सांगा."

"अडवणूक करताय?"

"हो."

हेमांगी आता हसत नव्हती. सरांनी माइक सुरू केला. "आमच्याकडून एक पायरी राहिली होती. ती धड्यात घालतोय. तशीच राहील." प्रत्येक शब्द दाताखाली खडा यावा तसा निघत होता.

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. सरांनी पुन्हा माइक बंद केला आणि पडद्याकडे बघतच म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका."

"बरं."

"आणि आत्ताच उठलात तरी चालेल."

"हे संपू दे."

पडद्यावर माउसचा बाण आईच्या नावाखाली थांबला होता. तीसही बायका वाचत होत्या. मंदाबाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "थांबाडा जरासं, लिखी लेऊ दे."

मी थांबवलं.