मौनाच्या दारातला बाक

मित्रांनो, मी एका साधनागृहाच्या दारात बसवलेला जुना लाकडी बाक आहे. म्हणजे, दारात होतो. सुताराने मला मुद्दामच आखूड केलं. मावशींनी त्याला बजावलं होतं, "दोघंच मावली पाहिजेत. तिसरं आलं की गप्पांचा अड्डा होतो."

येणाऱ्याचं स्वागत आणि जाणाऱ्याला निरोप, हे या मावशींचं काम. आत गेलेल्याने मुक्काम संपेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, अशी तिथली रीत. म्हणून पाहुणे आले की मावशी त्यांना आधी माझ्यावर बसवत, पाणी देत आणि विचारत, "काही बोलायचं राहिलंय का? आत गेल्यावर सोय नाही." मौन सुटलं की पहिलं वाक्यही माझ्यावरच बसून बोलायचं आणि निघायचं. रेंगाळलं तर आतल्यांचं मौन मोडतं.

तुम्हाला वाटेल, लोक काहीतरी थोर बोलत असतील. कसलं काय. आत जाताना "गॅस बंद केलास ना?" आणि बाहेर येताना "माझा दुसरा मोजा कुठाय?" मला हसू यायचं.

एकदा दोघी बहिणी आल्या. थोरलीच्या गळ्याभोवती मऊ रुमाल होता, आवाज खरखरीत. धाकटी घुश्शातच बसली.

"वर्षभर माझा फोन उचलत नाहीस, आणि आता सोबत चल म्हणतेस. तेही गप्प बसायला. कमाल आहे तुझी, ताई."

"आलीस ना पण?"

"आलेय की."

मावशींनी नेहमीचं विचारलं. ताईने मान खाली घातली. धाकटीच म्हणाली, "आमचं काय, घरी जाऊन भांडू."

मग रोज दुपारी त्या दोघी मौनातच माझ्यावर येऊन बसू लागल्या. पहिल्या दिवशी दोन टोकांना. पुढे मधली जागा कमी होत गेली. एकदा धाकटीला डुलकी लागली, तेव्हा ताईने आपला खांदा तिच्या डोक्याखाली दिला आणि ऊन पायांवर येईपर्यंत हलली नाही.

निरोपाच्या सकाळी गाडी दाराशी उभी होती. दोघी माझ्यावर बसल्या. ताई म्हणाली, "उद्या घशाचं ऑपरेशन आहे माझं. आवाज राहणार नाही म्हणालेत."

धाकटी गर्रकन तिच्याकडे वळली.

"आणि होता तेवढा आवाज तू इथे फुकट घालवलास? मलाही गप्प बसवून?"

"फुकट नाही गं. बोलता आलं नाही, तरी तू माझ्याजवळ बसतेस का, ते बघायचं होतं."

"वेडी आहेस तू," धाकटी म्हणाली आणि रडू लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "बोल आता. काहीही बोल."

"काय बोलू? काही सुचत नाहीये."

"मग मला हाक मार. लहानपणी उठवायचीस तशी."

"चिमणे."

"पुन्हा मार."

"चिमणे. अगं चिमणे, ऊठ, उशीर झाला."

गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मावशींनी आतलं दार ओढून घेतलं आणि गाडीवाल्यापाशी जाऊन हळूच म्हणाल्या, "थांबा जरा. पाहुण्या अजून निघाल्या नाहीत माझ्या." त्या घराची रीत मोडलेली मी तेवढी एकदाच पाहिली. त्या खरखरीत हाका मी फळ्यांमध्ये मुरवून घेतल्या.

पुढे मावशी थकल्या आणि गेल्या. दारात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, एकमेकींपासून हातभर लांब मांडलेल्या. मला स्वयंपाकघरामागे नेऊन ठेवलं. माझ्यावर बादल्या पालथ्या घालतात. त्या दोघी पुन्हा आल्या का, मला कळायला मार्ग नाही. माझं तोंड भिंतीकडे आहे.

मित्रांनो, मला रंग लावा, खिळे ठोका, असा हट्ट मी धरणार नाही. माझे दिवस भरलेच आहेत. पण दाराशी एक जागा तेवढी ठेवा, जिथे दोघांना खेटून बसता येईल. आलेल्याला आत ढकलायची घाई करू नका, आणि निघालेल्याला गाडीची. त्याला अजून कुणालातरी हाक मारायची असेल.