समोरच्या बाकावरची धाकटी

विधानसभेत चर्चेला उत्तर द्यायला धाकटी उभी राहिली, तेव्हा समोर विरोधी बाकावर थोरला हाताची घडी घालून बसला होता. एका आईची ही दोन लेकरं दोन पक्षांत कशी गेली, यावरून नातेवाइकांत कायम टिंगल चाले. आता ती सरकारची प्रमुख आणि सभागृहाची नेता होती आणि तो तिच्या सरकारविरुद्ध घसा कोरडा करणारा जुना सदस्य.

सकाळी तो आपल्या गावच्या प्रसूती विभागाबद्दल बोलला होता. इमारत रंगवून तयार, खाटा आलेल्या, पण डॉक्टरचा पत्ता नाही. अडलेल्या बायकांना डोंगर उतरून शहरात न्यावं लागे. गेल्या महिन्यात एक जण वाटेतच गेली. तिच्या सासऱ्याने थोरल्याला भर रस्त्यात गाठून विचारलं, "सरकार तुमच्या बहिणीचं, आणि तुम्हाला एक डॉक्टर आणता येत नाही?" थोरल्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. तरी घरी बहिणीपुढे हात पसरायचे नाहीत, हा त्याचा बाणा. मागायचं ते इथे, सगळ्यांदेखत.

धाकटी एकेका सदस्याला उत्तर देत गेली. खाणीच्या धुळीने हैराण झालेल्या सदस्याला तिने शब्द दिला, की ट्रकवर ताडपत्री नसेल तर परवाना रद्द. शाळेच्या गळक्या छपरावरून ओरडणाऱ्याला तिने आठवण करून दिली, की मंजुरी त्याच्याच पक्षाच्या काळात अडकली होती. सभागृह हसलं, तो सदस्यही हसला. बसभाडं, पिण्याचं पाणी, कुणालाच तिने गोड बोलून वाटेला लावलं नाही. थोरला मनातून फुलत होता आणि चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा ठेवून होता. मग तिने फाइल मिटली. त्याच्या गावाचं नावही निघालं नव्हतं.

पण ती खाली बसली नाही. अधिकाऱ्यांकडून आलेली चिठ्ठी तिने वाचली आणि बाजूला ठेवली.

"अध्यक्ष महाराज, एक उत्तर राहिलंय. डॉक्टर मिळत नाहीत असं मी सांगावं, असं या चिठ्ठीत आहे. ते खरं नाही. डॉक्टर मिळाले होते. नेमणुका माझ्याकडे आल्या तेव्हा ते गाव मीच मागे ढकललं, कारण तिथले सदस्य माझे सख्खे भाऊ आहेत. भावाचं काम आधी केलं असं कुणी म्हणू नये, एवढंच मी बघितलं. माझं नाव स्वच्छ राहिलं आणि तिकडे एक बाई वाटेत मेली. चूक माझी आहे. नेमणुकीवर सही झाली आहे, सोमवारी डॉक्टर रुजू होतील. त्या बाईच्या घरी मी स्वतः जाणार आहे."

तिच्याच पक्षाच्या प्रतोदाने कपाळावर हात मारला. इकडे विरोधी बाकांवर आनंदाला उधाण आलं. शेजारी बसलेल्या त्याच्या पक्षाच्या नेत्यांनी थोरल्याला कोपराने ढोसलं. "उठा. राजीनामा मागा. भावानेच मागितला की ती संपली."

उपप्रश्नाचा हक्क त्याचा होता. तो उठला. घरी बसून एक शब्द टाकला असता तर? त्याचा बाणा आणि तिची भीती, दोहोंनी मिळून त्या विभागाला कुलूप घातलं होतं. आणि ते सांगायची हिंमत एकट्या धाकटीने दाखवली होती.

"अध्यक्ष महाराज," तो म्हणाला, "मला डॉक्टर हवा होता, तो मिळाला. या सभागृहात माझे केस पिकले, पण 'चूक माझी' असं त्या बाकावरून कधी ऐकलं नव्हतं. आमच्या बाकावरूनही नाही."

तो बसला आणि त्याने बाक वाजवायला सुरुवात केली. बाक वाजवायचा तो आपल्या पक्षाच्या माणसासाठी, हा तिथला रिवाज. सगळं सभागृह गप्प आणि हा एकटा समोरच्या नेत्यासाठी धडाधड बाक बडवतोय. पक्षाचे नेते डोळे वटारून पाहत राहिले. शेवटी त्यांनी त्याचं मनगट धरलं, तेव्हा थोरल्याने दुसऱ्या हाताने वाजवायला सुरुवात केली.