खोल खाचांचे टायर

"हितं बोट घालून बघा, कारकूनसाहेब," असं म्हणत धोंडीरामने माझा हात धरला आणि टायरच्या खाचेत खुपसला. "करंगळी रुतती का न्हाय?"

रुतली. शहरातल्या सात रस्त्यावरच्या त्या दुकानात आम्ही सकाळपासून उभे होतो आणि दुकानदार आम्हाला दुसराच टायर दाखवत होता. बारीक नक्षीचा, गुळगुळीत, दिसायला मोठा देखणा. म्हणे आवाज नाही, हादरा नाही, कलेक्टरसाहेबांच्या गाडीलाही हाच.

"कलेक्टरसायबाला बाळंतिणी आणायच्या न्हाईत," धोंडीराम म्हणाला. "आमच्या तिकडची काळी माती लई वंगाळ. असल्या बारीक नक्षीत ती भरून बसती आन् चाक भाकरीवानी गुळगुळीत हुतं. खाच रुंद पायजे, खोल पायजे. चाक फिरलं की चिकूल आपसूक गळून पडला पायजे. आन् मागच्या दोन चाकांनाच घ्या. पुढची नुसती वाट दावत्यात, वढायचं मागच्यांनी."

चौतीस सालची ही गोष्ट. मी, वेणीमाधव, एका धर्मार्थ प्रसूतिगृहात कारकून आणि कोठारावरचा माणूस. खेड्यांतून अडलेल्या बायका आणायला आमच्याकडे एक जुनी, उंच चाकांची मोटार होती. धोंडीराम तिचा ड्रायव्हर. जन्म त्याचा वळसंगकडचा, त्यामुळे मातीचं त्याला शिकवायला नको होतं. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याच्या बोलण्यात दम होता. खोल खाचांचे दोन टायर आम्ही घेतले.

आणि काय चालले म्हणून सांगू! आषाढ-श्रावणात जिथे बैलगाडीचे बैल गुडघ्यावर येत, तिथून आमची मोटार फुरफुरत बाहेर पडे. अकरा बायका आणल्या त्या पावसाळ्यात. अकराच्या अकरा पोरं घेऊन घरी गेल्या. धोंडीराम रोज संध्याकाळी खाचांतली माती काडीने कोरून काढी आणि मी शेजारी उभा राहून बघे. खरं सांगतो, मला त्या टायरांचा लळा लागला होता.

इथे माझ्या स्वभावाचं थोडं सांगायला हवं. मी कंजूस नाही. वस्तू झिजलेली मला बघवत नाही, एवढंच. लग्नात मिळालेली छत्री मी पावसात कधी उघडली नाही. नवे बूट इतके जपले की शेवटी ते उंदरांनी वापरले. आमच्या सौभाग्यवती गोदावरीबाई म्हणत, "तुमच्या हाती स्वर्ग दिला तर तोसुद्धा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवाल." पण कोठार माझ्यासारख्याकडेच असावं, असं सगळे म्हणत आणि मला ते आवडे.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. सकाळी मोटार धुतली, झेंडूची माळ घातली. मी धोंडीरामला म्हणालो, "पाऊस संपला. आता कोरड्या मुरमावर हे टायर फुकट घासले जातील. काढू या, जुने चढवू. पुढच्या मृगाला पुन्हा हे."

"स्वातीचा पाऊस बाकी हाय अजून," तो म्हणाला.

"अरे, हत्तीचं नक्षत्रसुद्धा कोरडं गेलं. स्वाती काय करणार?"

माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कडक रस्त्यावर त्या खाचा खरंच झिजत होत्या. संस्थेच्या चिटणिसांनी मान डोलावली. टायर उतरले. मी ते स्वतः धुतले, पुसले, शंखजिऱ्याची पूड फासली, हळदकुंकू वाहिलं आणि गोणपाटात शिवून कोठारात ठेवले. किल्ली माझ्या कमरेला. त्या रात्री शांत झोप लागली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळी आठच्या सुमारास जोतीराम आला. वळसंगच्या पुढे दोन कोसांवरच्या वस्तीवरचा शेतकरी, तिशीतला, उंचापुरा. वळसंगपर्यंत पायी आणि तिथून भाड्याच्या मोटारीने आला होता. दारात उभा राहून त्याने डोक्याचा पटका काढला आणि हातात धरला.

"कालच्यापास्नं अडलीया," तो म्हणाला. "सोनाबाई. सुईनीनं हात टेकलं. गाडीत घालून आनली असती, पर हादरं सोसायची न्हाय म्हंत्यात. तुमची मोटार मऊ चालती आसं आयकलं."

आमच्या नर्स शरणम्मा तेवढ्यात पिशवी भरून बाहेर आल्याही. अक्कलकोटकडच्या बाई, बोलणं कमी. धोंडीराम मात्र आकाशाकडे बघत होता. भुरभुर सुरू झाली होती.

"साहेब, किल्ली द्या," तो म्हणाला. "मागलं दोन बदलून घेतो. तासाभराचं काम."

मी जोतीरामकडे पाहिलं. "तुमच्याकडे पाऊस आहे का हो?"

"निघालो तवा नव्हता."

"मग? एवढ्या भुरभुरीला काय घाबरायचं? तास कशाला घालवायचा?"

तास वाचवायचा होता, हे खरं. पण पुरतं खरं नाही. आज लपवून काय करू? ते शिवलेलं गोणपाट माझ्या डोळ्यांपुढे आलं. आतले स्वच्छ, पांढरे, शंखजिरं लावलेले टायर. ते पुन्हा चिखलात घालायचं माझ्या जिवावर आलं होतं. कमरेची किल्ली मी मुठीत धरून उभा होतो, ती सोडली नाही.

धोंडीरामने माझ्याकडे एकदा पाहिलं. "तुमी म्हंता तसं," म्हणाला आणि मोटार चालू करायला पुढचं हँडल मारू लागला.

नर्सबाईंबरोबर कचेरीचा एक माणूस हवा, असा नियम होता. म्हणून मीही बसलो. वळसंगपर्यंत रस्ता चांगला लागला. मी दोनदा म्हणालोही, "बघ, आहे का काही?" वळसंग सोडून गाडीवाटेला लागलो आणि पाऊस सपाटून आला. तो पंधरा-वीस मिनिटंच पडला, पण काळ्या मातीला तेवढा पुरतो. वस्ती मैलभर राहिली असताना मोटारीची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

उतरून बघितलं. जुन्या टायरांवर माती अशी चढली होती की सारवल्यासारखी दिसत होती. धोंडीरामने काथ्याचा दोर काढला, चाकांना वेढे दिले, पुढे तुराट्या आणि गोणपाट अंथरलं. मोटार हातभर सरकली आणि दोर तुटला. पुन्हा बांधला. पुन्हा तुटला. मी आणि जोतीराम मागून रेटत होतो. माझी पायताणं चिखलात कुठे गेली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक रेट्याबरोबर चाक आणखी खाली जाई. शेवटी मोटारीचं पोट जमिनीला टेकलं.

शरणम्मांनी चपला काढल्या, लुगडं खोचलं, पिशवी जोतीरामच्या डोक्यावर दिली. "चला," म्हणाल्या.

मैलभर वाट. कोरड्यात वीस मिनिटांची. मी त्यांना जाताना बघत होतो. एक पाऊल काढावं तर दुसरं रुतावं, असं चाललं होतं. मध्ये एकदा शरणम्मा पडल्या, जोतीरामने उठवलं, पुन्हा निघाल्या. किती वेळ तरी ती दोघं तेवढीच दिसत राहिली. ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडणार? मी मोटारीला टेकून उभा राहिलो. माणसाच्या हातून काहीच होण्यासारखं नसतं तेव्हा त्याला आपले हात कुठे ठेवावेत तेही कळत नाही.

"धोंडीराम," मी म्हणालो, "ते टायर असते तर..."

"आता नका बोलू, साहेब," तो म्हणाला. खोऱ्याने चाकापुढची माती काढत होता. ती परत तिथेच येत होती.

दुपार कलली तेव्हा वस्तीकडून बैलांची जोडी येताना दिसली. पुढे जोतीराम, मागून शरणम्मा. मला वाटलं, सुटली बाई. आता बैलगाडीने इथवर आणणार असतील. मी पुढे धावलो. पण गाडी नव्हती. नुसते बैल, जू आणि साखळदंड.

शरणम्मांनी मान हलवली. "अर्ध्या तासापूर्वी गेली होती, अण्णा," त्या म्हणाल्या. "दोन्ही गेली. मी पोचले तेव्हा अंग गरम होतं अजून." आणि मोटारीत जाऊन बसल्या.

जोतीराम खाली वाकून साखळदंड मोटारीच्या पुढच्या दांडीला अडकवत होता. मला वाटलं, भ्रमिष्ट झाला असेल. "अहो जोतीराम, हे काय करता? घरी जा तुम्ही. आमचं आम्ही बघू."

"हितं कशी ऱ्हाल?" तो म्हणाला. "आमच्यापायी आलात. रात झाली तर खायाप्यायचं न्हाय, कोन न्हाय. तिकडं मानसं गोळा हुईस्तोवर यळ हाय मला." मग बैलांना म्हणाला, "हां, सर्जा."

बैलांनी मान घातली. मोटारीने मोठा आवाज केला आणि चिखलातून सुटली. कडक जमिनीपर्यंत त्याने ती ओढत आणली. त्याने साखळी सोडली, गोळा केली, खांद्यावर टाकली. मला ते सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जोतीराम," मी म्हणालो, "चिखलाचे चांगले टायर होते आमच्याकडे. नवे. मी काढून ठेवले होते. झिजतील म्हणून. ते असते तर मोटार दारापर्यंत आली असती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण राग शोधूनही सापडला नाही. थोडा वेळ तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

"असूंद्या," तो म्हणाला. "चांगली वस्त जपूनच ठेवावी लागती. आमच्या हिचं बी हाय की लुगडं. हिरवं, काठापदराचं. बाजारातनं आनलं त्याला दोन वर्सं झाली. सनावाराला म्हनलं तरी नेसायची न्हाय, पोर झाल्यावर नेसीन म्हनायची. पेटीतच ऱ्हायलं, घडी मोडली न्हाय." त्याने जू सारखं केलं. "आता बाया तेच नेसवत असत्याल."

तो बैल घेऊन वळला. धोंडीराम हँडल हातात धरून मोटारीपुढे उभा होता. बैल वस्तीच्या बाभळींआड जाईपर्यंत त्याने ते फिरवलं नाही.