पाचवी पिशवी

नानासो, ती शाल तशीच राहू द्या टेबलावर. नारळ पण राहू द्या. अंगावर अजून घालू नका. आधी मला बोलू द्या, मग तुमाला वाटलं तर घाला, न्हाई वाटलं तर घरी घिऊन जावा.

आन् मघाशी तुमी माणूस धाडला समोरच्या हंबीररावाच्या दुकानात, कार्यक्रम हाय, शिलाई मशीन बंद कर म्हणून. त्येनं केलं न्हाई, तुमी चिडला. चिडू नका. सव्वीस जानेवारीला सारं गाव शाळेच्या पटांगणात आलं आन् तो एकटा मशीन चालवत बसलाय, त्याला कारण हाय. ते कारण मी हाय. कुणीतरी त्या कर्ण्याचं तोंड जरा त्याच्या दुकानाकडं फिरवा बघू. हां, असं. आता बोलतो.

गुरुजींनी माझी ओळख करून दिली. हवालदार आकाराम खराडे, सतरा वर्षं पलटणीत, विमानातनं उड्या मारणाऱ्या जवानांचे रक्षणकर्ते. गुरुजी, लय मोठा शब्द वापरलासा. मी छत्र्यांच्या घड्या घालत हुतो. आग्र्याला एक लांबलचक शेड हाय, त्यात लांब लांब टेबलं. उडी मारून आलेली छत्री आली की ती झाडायची, टांगून वाळवायची, टाका टाका तपासायचा, अठ्ठावीस दोर सुटे करायचे आन् टेबलावर घडी घालून पोत्यात भरायची. छत्री म्हंजे नुसतं कापड. घडीवर घडी पडत गेली की ते सरकतं, फुगतं. म्हणून वर वजन ठेवायचं. त्याला आमी शॉट बॅग म्हणतो. शिशाच्या गोळ्या भरलेली लांबट पिशवी, साधारण मुसळाएवढी जाड. एका टेबलाला पाच. माझं टेबल सात नंबरचं, म्हणून माझ्या पाची पिशव्यांवर पांढऱ्या रंगात सात घातलेला.

घडी झाली की पिशव्या काढायच्या. रोज सांजच्याला सुभेदारसाहेब येणार आन् टेबलागणिक मोजणार. पाच म्हंजे पाच. एक जरी कमी भरली तर त्या दिवशी त्या टेबलावर बांधलेली एकूण एक छत्री फोडायची आन् परत बांधायची. का, तर पिशवी घडीत राहिली असंल. त्यात लाज न्हाई. माणूस हाय, इसरतो. 'साहब, एक कम है' म्हणायचं, शिव्या खायच्या आन् कामाला लागायचं. माझ्यासंगच्या सगळ्यांनी कवा ना कवा म्हटलंय ते. मी म्हटलं न्हाई.

त्र्याहत्तर साल, आषाढ संपत आलेला. मला नागपंचमीला रजा मिळाली हुती. तुमाला आठवत असंल, मी शिराळ्याच्या मिरवणुकीत फेटा बांधून गाडीवर उभा हुतो. ती रजा. सांजच्याला गाडी, ट्रंक बांधून ठेवलेली, अंजनाला घेतलेलं लुगडं त्यात वरच ठेवलेलं. लग्नानंतरची तिची पहिली पंचमी, आन् ती दोन जिवांची. साहेब मोजायला यायच्या आधी म्या आपल्या पिशव्या मोजल्या. चार. टेबलाखाली बघितलं, पोती हलवून बघितली. चारच. त्या दिवशी मी सोळा छत्र्या बांधल्या हुत्या. सोळा फोडायच्या म्हंजे गाडी गेली, रजा गेली, पंचमी गेली.

शेजारचं टेबल यल्लाप्पाचं, अथणीकडचा गडी. तो तापानं चार दिवस दवाखान्यात हुता. म्या त्याच्या टेबलावरची एक पिशवी उचलली आन् माझ्यात ठेवली. बंद टेबल साहेब मोजत न्हाईत, आन् चालू टेबलाच्या नुसत्या मोजतात, नंबर वाचत न्हाईत. पाच भरल्या. 'शाबास, आकाराम, जाओ छुट्टी,' म्हणाले. आन् मी गेलो. गाडीत मनाला समजावलं की झाडूवाल्यानं कोपऱ्यात सारली असंल. पुण्यापातूर त्याच्यावर माझा इश्वास पण बसला बघा.

माणूस लय हलकट असतोय, मंडळी. दुसऱ्याचं सांगत न्हाई, माझं सांगतोय.

आता हंबीरराव. आमी एका वर्गातले, ह्याच शाळेतले. भरती एकाच दिवशी सांगलीत झालो. तो उडी मारणारा, मी बांधणारा. एकाहत्तरच्या लढाईत बंगालात छत्रीनं उतरलेला गडी हाय तो. साठाच्या वर उड्या. असा माणूस ज्या दिवशी मी शिराळ्यात गुलालानं माखून नाचत हुतो, त्या दिवशी सरावाच्या उडीला गेला. छत्री उघडली पर फुलली न्हाई, दोरांत दोर अडकले. छातीवरची दुसरी छत्री ओढली, ती पण जिमीन जवळ आल्यावर अर्धीमुर्धी उघडली. डाव्या पायाचं नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. जीव वाचला ह्ये नशीब.

मी रजेवरनं गेलो तवा मला कळलं. त्या छत्रीचं कार्ड बघितलं. सात नंबर टेबल, आकाराम खराडे, खाली माझी सही, तारीख मी रजेवर निघालो त्या दिवसाची. तसाच दवाखान्यात गेलो. हंबीररावाचा पाय वर टांगलेला, आन् सुभेदारसाहेब खाटेला लागून उभे. मला बघून हंबीरराव मोठ्यानं म्हणाला, "ये गड्या. मला दुसऱ्याच कुणाची तरी छत्री आलती. रांगेत माझ्या म्होरं उभ्या जालिंदरच्या छत्रीच्या कार्डावर तुझं नाव बघितलं आन् बदलून घेतली. म्हटलं, आपल्या माणसाच्या हातची हाय, डोळं झाकून जातो. पर विमानाच्या दारातनं निघताना माझाच पाय चुकला. तुझ्या कामाला माझ्यापायी बट्टा लागला. माफ कर मला."

मला माफ कर म्हणाला तो. आन् म्हणून झाल्यावर माझ्याकडं बघत राहिला. म्या नजर खाली घातली आन् म्हटलं, "असू दे रं, होतं कवा कवा."

चौकशी झाली. छत्री तपासली, कुठं फाटलेली न्हाई. मला इचारलं, त्या दिवशी टेबलाचं सामान पुरं हुतं का? म्या ताठ उभं राहून सांगितलं, "पूरा था, साहब." हंबीररावानं पण तेच सांगितलं, पाय चुकला. कागदावर आलं की जवानानं उडी नीट घेतली न्हाई. त्याला पलटणीतनं काढलं, पेन्शन तुटपुंजी, लंगडत गावाला आला. माझ्या नावाम्होरं काय लागलं न्हाई. पुढं बढती पण मिळाली.

इथवर माझा भित्रेपणा झाला. ह्याच्या पुढचं सांगायला जीभ रेटत न्हाई, पर सांगतो.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी रजेवर आलतो. चावडीवर बसलो हुतो. नानासो, तुमीच इचारलंत, "हंबीरचं नक्की झालं काय रं? तू तिथं असतोस." गप बसलो असतो तरी चाललं असतं. ठाऊक न्हाई म्हटलं असतं तरी चाललं असतं. पर मला वाटलं, गप बसलो तर ह्यांना संशय येईल. म्हणून म्या हसून म्हटलं, "दारात उभा राहिला आन् पाय लटपटले. वरनं खाली बघितलं की भल्याभल्यांची बोबडी वळती." आठवतंय? तुमी सगळे हसला. मी पण हसलो.

माझं एक वाक्य, आन् गावानं त्याचं काय केलं ते तुमाला ठाऊक हाय. हंबीरराव रस्त्यानं लंगडत चालला की मागनं हाळी येती, "अवं हंबीरराव, मारा की उडी!" पारावर, गिरणीत, लग्नाच्या पंगतीत. कुणाला वाईट वाटलं न्हाई, कारण फौजेतल्या माणसानंच सांगितलेलं. त्याचा बाप, नाथाजीआबा. जुन्या लढाईतला शिपाई, दर झेंडावंदनाला छातीवर पदकं लावून ह्याच पटांगणात पहिल्या रांगेत यायचा. त्या सालापासनं आबा यायचा बंद झाला. आजारी असंल म्हणून कुणी इचारलं पण न्हाई.

मी मागल्या महिन्यात कायमचा घरी आलो. सत्काराचं ठरलं, नवा शर्ट पायजे म्हणून परवा हंबीररावाकडं गेलो. गावात दुसरा शिंपी न्हाई, न्हाईतर गेलो नसतो, खरं सांगतो. त्येनं माझं माप घेतलं. कापायच्या टेबलावर कापड पसरलं, कड सरकू नये म्हणून त्यावर वजन ठेवलं. मी वाकून बघितलं. शिशाची लांबट पिशवी. कळकटलेली, पर पांढरा सात अजून दिसत हुता.

मी म्हटलं, "ही कुठनं आली?"

"वरनं," तो म्हणाला. कात्री थांबली न्हाई त्याची. "छत्री फुलंना म्हणून वर बघितलं तर दोरांच्या मधी ही लोंबत हुती. मग सुटली. मी जिमिनीवर पडलो तवा धा हातांवर ढेकळात पडलेली. ॲम्बुलन्स यायच्या आधी सरपटत गेलो आन् बंडीत घातली."

"सांगितलं का न्हाईस?"

"कोर्टमार्शल झालं असतं तुझं. अंजनावहिनी पोटुशी. साहेब उभे हुते म्हणून मोठ्यानं बोललो, पाय चुकला म्हणून. तुझ्याकडं बघत हुतो. म्हटलं, साहेब गेल्यावर तरी कानात सांगशील, माझ्या हातनं राहिली गड्या म्हणून."

मला तोंड वर करवंना. म्या म्हटलं, "चुकलो रं."

तवा त्येनं कात्री खाली ठेवली. म्हणाला, "पिशवी राहिली, ती चूक. कुणाकडनं बी हुती, त्याचा मला राग न्हाई. पाय गेला, त्याचा बी न्हाई. पर चावडीवर तू काय बोललास, आकाराम? मला पलटणीनं काढलं तरी माझा बाप म्हणायचा, माझं पोरगं बंगालात उतरलंय. तुझं ऐकून आल्यावर त्येनं मला एकच इचारलं, हंबीर, तू खरंच घाबरलास व्हय रं? मी न्हाई म्हटलं. पर ही पिशवी दाखवल्याबिगर त्याला पटणार कसं, आन् दाखवली तर तू जातोस. दोन वर्षांनी म्हातारा गेला. तेवढं मनात घिऊन गेला."

राहीबाई, त्याची मालकीण, आतल्या उंबऱ्यात उभी हुती. तिनं सगळं ऐकलं. माझ्यासाठी चहा घिऊन आलती, तो घिऊन ती तशीच माघारी गेली.

मी पिशवी मागितली. मला वाटलं देणार न्हाई. त्येनं ती कापडावरनं उचलली आन् माझ्या हातात दिली. म्हणाला, "साडेपाच वर्षं झाली, तुझी मोजायची राहिली हाय. ने. आन् शर्ट उद्या सांजच्याला घिऊन जा."

ह्यो अंगात हाय तोच शर्ट. रात्री घालून बघितला, एक टाका कुठं वाकडा न्हाई. आस्तीन बरोबर, कॉलर बरोबर. मला ज्यानं बदनाम करायला पायजे हुतं त्येनं मला सत्कारासाठी सजवलंय. सकाळपासनं ह्यो शर्ट अंगाला टोचतोय, मंडळी. अंजनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या शालीला हात लावलासा तर मी तुमच्या हातचं पाणी पिणार न्हाई."

ही बघा पिशवी. हिचा आवाज ऐका टेबलावर. आता माझ्या टेबलाच्या पाच भरल्या. सुभेदारसाहेब रिटायर झाले, म्हणून तुमच्याम्होरं मोजतोय.

हंबीरराव घाबरला नव्हता. कवाच नव्हता. मी घाबरलो हुतो, एका रजेपायी, आन् मग रोज. चौकशीत खोटं बोललो, चावडीवर खोटं बोललो, दवाखान्यात त्याला होतं कवा कवा म्हणालो. उद्या पलटणीला तसं लिहून धाडतोय, गुरुजी, इंग्रजीत तुमी लिहून द्या. पेन्शन काढून घेतील तर घेऊ देत. नाथाजीआबाला मात्र आता कुणी सांगायचं, ते मला कळत न्हाई. म्या लय इचार केला, मला कळत न्हाई.

हसू नका आता त्याला. मी हात जोडतो. ज्यांनी हाळ्या मारल्या त्यांचा दोष न्हाई, तुमी माझं ऐकलंत. पर आजपासनं नगा.

नानासो, शाल नेऊन द्यायची असंल तर तुमी न्या, सगळे मिळून. मी नेणार न्हाई. माझ्या हातनं तो काय म्हणून घेईल? मी हितंच बसतो, खाली, पोरांच्या रांगेत. मला...

गप. जरा गप बसा सगळे.

मशीन थांबलं.