भिंतीपलीकडची फांदी

घरातली भानगड आधी झाकायची आणि मग निस्तरायची, ही आपल्या सगळ्यांचीच सवय. आमचे घड्याळजी तरी त्याला अपवाद कसे असतील?

परसातल्या अंजिराखाली कच्ची फळं गळून पडलेली दिसली, तेव्हा त्यांनी एक उचललं आणि दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं. सालीवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं. फळ फोडलं, तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"पेपरात आली होती तीच ही माशी," बायको म्हणाली. "परदेशातून आलेली. दिसली की शेतकी ऑफिसला कळवा म्हणतात."

"कळवा म्हणे! उद्या येतील आणि झाड मुळासकट तोडतील. वर गल्लीभर बोभाटा, की कीड आमच्याकडून आली. तू तोंडातून ब्र काढू नकोस!"

दुसऱ्या दिवशी गल्ली जागी होण्याआधीच त्यांनी तोंडाला फडकं बांधलं आणि कुठूनसं मिळवलेलं जहाल औषध साऱ्या झाडावर फवारलं. मग काही झालंच नाही अशा थाटात दुकानात जाऊन बसले.

दुपारी जेवायला आले, परसात डोकावले आणि जागीच थिजले. भिंतीपलीकडे गेलेली फांदी रिकामी होती!

ती फांदी शेजारच्या नर्सबाईंची. भिंत ओलांडेल ते पलीकडच्यांचं, असं दोन्ही घरांचं जुनं ठरलेलं; विचारणं नाही, सांगणं नाही. फवारताना घड्याळजींच्या हे ध्यानातच राहिलं नव्हतं. आणि नर्सबाईंची लेक बाळंतपणाला आलेली, सातवा महिना, डोहाळे अंजिराचे!

जेवण तसंच टाकून घड्याळजी धावले. काहीतरी थाप मारावी आणि फळं काढून घ्यावीत, एवढंच डोक्यात होतं.

लेक ओट्यापाशी उभी होती. समोर ताटभर अंजिरं, एक अर्धं कापलेलं तिच्या हातात.

"ती... ती खराब आहेत," घड्याळजी कसेबसे म्हणाले.

"खराब म्हणजे?" नर्सबाईंनी विचारलं.

थाप ओठांवर आली होती. पण त्या मुलीच्या पोटाकडे पाहून ती बाहेर पडेना.

"विष आहे त्यांच्यावर! मीच मारलंय!"

नर्सबाईंनी लेकीच्या हातातलं फळ हिसकावलं. "किती खाल्लीस? खरं सांग!"

"एकही नाही गं. पहिलंच कापलं तर आत अळी. किळस आली मला."

नर्सबाई मटकन खुर्चीत बसल्या. मग उठून त्यांनी आधी लेकीचे हात साबणाने खसाखसा धुतले. घड्याळजी भिंतीला टेकून रडत होते.

"भाऊ, अळी फळाच्या पोटात आणि औषध सालीवर," नर्सबाई म्हणाल्या. "मेलं कोण असतं? दवाखान्यात रोज बघते मी. दुखणं लपवायचं, घरच्या घरी काहीतरी करायचं, आणि गळ्याशी आलं की धावत यायचं!" मग मागच्या दाराकडे पाहत म्हणाल्या, "पण मी तरी कुठल्या तोंडाने बोलू? गेल्या आठवड्यातही अळ्या निघाल्या होत्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती फळं मी गुपचूप मागच्या कचऱ्यात टाकली."

म्हणजे दोघांनी एकमेकांपासून लपवलं, आणि माशीचं मात्र दोन्हीकडे आयतंच फावलं!

घड्याळजींनी तिथूनच शेतकी ऑफिसला फोन केला. माणसं आली ती कुऱ्हाड न घेता. किडकी, गळलेली, विषारी फळं त्यांनी पिशव्यांत घट्ट बांधून नेली. "अळी मातीत उतरली की पुन्हा माशी होते. सगळ्या गल्लीला सांगा," ते म्हणाले.

सांगायला निघाले घड्याळजीच. पहिल्या दारात त्यांची मान वर होईना.

"माझ्या झाडाला कीड लागली आहे. तुमचंही बघून घ्या."

दारातल्या मास्तरांनी त्यांना आत घेतलं. मग त्यांनी हळूच मागचं दार उघडलं. "हे बघा. आमच्याही झाडाला लागली आहे. सांगायची भीती वाटत होती."

मंडळी, कीड लागणं हा कुणाचाच गुन्हा नाही. ती लपवणं हा मात्र आहे. कारण भिंत आपली असली, तरी फांदी पलीकडे गेलेली असते आणि तिकडे कुणीतरी विश्वासाने हात वर करत असतं.