छऱ्याच्या बंदुकीचा क्लॅम्प

माझ्यासारखा कारागीर अख्ख्या राजुरीत नाही, असं मानणारा राजुरीत मी एकटाच. एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो, पण खाज गेली नाही.

द्राक्षांवरची माकडं हाकलायची छऱ्याची बंदूक घेऊन शेजारच्या द्रौपदाबाई आल्या. "भाऊ, छर्रा भाईर पडंना."

बंदुकीकडे न बघताच मी सांगितलं, "स्प्रिंग गेली."

ती स्प्रिंग नुसत्या हाताने काढली तर कपाळमोक्ष. आधी ती दाबून धरणारा क्लॅम्प हवा. तो विकत आणला असता तर माझी अब्रू गेली असती. म्हणून नारायणगावच्या भंगारातून जीपचा जॅक आणला, कापला, वेल्डिंग केलं, हिरवा रंग दिला, वर स्वतःचं नाव कोरलं. बावीस दिवस गेले. तेवढ्यात माकडांनी अर्धी बाग उरकली.

शेवटी बाईंसमोर दिमाखात स्प्रिंग काढली. ती माझ्यापेक्षा धडधाकट निघाली. परत बसवली, घोडा दाबला. छर्रा आतच.

बाईंनी बंदूक माझ्या हातातून ओढली, नळी सांध्यापाशी खाली वाकवून उजेडाला धरली आणि अंगणातल्या खराट्याची काडी उपसून आत खुपसली. मातीचा गोळा आणि त्यात रुतलेले दोन छर्रे खाली पडले.

"कुंभारमाशीनं घर केलं व्हतं. तुमी नळीत बघितलंच न्हाई व्हय?"

चूक मी लगेच कबूल केली. नळीसाठी वेगळं हत्यार लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सध्या त्या काडीला पितळी मूठ बसवतोय. पंधरा दिवसांत होईल.